पुढच्या रांगेतल्या निर्मलाकाकू

निर्मलाकाकूंच्या घरात कपांचे तीन प्रकार होते. गुलाबाच्या नक्षीचे, सोनेरी काठाचे, बशीसकट असलेले कप डॉक्टर, साहेब आणि 'मोठे' पाहुणे आले की कपाटातून निघायचे. पांढरे, बिनबशीचे कप नातेवाइकांसाठी आणि ओळखीपाळखीच्यांसाठी. आणि स्टीलचे पेले उरलेल्या जगासाठी.

मंगरूळपीरला कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी लागून मी श्रीरामपूरहून आले आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला गेले, तेव्हा पहिला चहा मला पेल्यातून मिळाला. माझे वडील मुख्याध्यापक होते हे कळल्यावर मला पांढऱ्या कपावर बढती मिळाली. नोकरी कायम झाली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेले, तर समोर गुलाबाचा कप आला, बशीसकट. "मॅडम, आता तुमी आमच्या बरोबरीच्या झाल्या," काकू हसून म्हणाल्या. मला राग यायला हवा होता. पण आला नाही. बाकीचे लोक असे कप मनात ठेवतात, काकूंनी ते कपाटात ठेवले होते, एवढाच काय तो फरक.

काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी कुणी विचारलं तर मी आधी हसते, आणि मग मला बराच वेळ बोलावं लागतं.

काकू उंच, सावळ्या, पाठीचा कणा छडीसारखा. कोपऱ्यावरच्या दुकानात मीठ आणायला जायचं असलं तरी कडक खळीची साडी, पुसलेली चप्पल आणि हातात छोटी पर्स. कपडे वाळत घालायच्या दोऱ्याही दोन. चांगल्या साड्या रस्त्याच्या बाजूला, फाटके बनियन आणि विटलेले परकर मागच्या बोळात. एकदा घाईत मी माझा जुना टॉवेल पुढच्या दोरीवर टाकला होता. संध्याकाळी तो घडी घालून माझ्या दारात ठेवलेला सापडला.

त्यांचे यजमान वसंतकाका तहसीलमध्ये कारकून होते. सौम्य, कमी बोलणारे, आणि बोलले की नेमके. मेडशीला त्यांचं थोडं वावर होतं, वाटेकऱ्याने कसलेलं. तिथली तूर घरी आली की काकू डाळ करून घेत आणि नातेवाइकांकडे पिशव्या पाठवत. "आमच्या मेडशीच्या वावरातली आहे," हा निरोप पिशवीबरोबर जायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खं मेडशी यांचंच. काका पेपरातून मान वर न करता म्हणायचे, "अर्धं गाव तर हिनंच विकत घेतलं, तोंडानं."

काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मान मागून भेटत नाही मनतात ना मॅडम, ते खोटं आहे. न मागता कोणालेच भेटत नाही."

त्या तो मागायच्या कशा, हे मी मेडशीच्या एका लग्नात पाहिलं. मांडवात पुढे सोफे टाकलेले होते आणि मागे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. काकू मला घेऊन सरळ पुढे गेल्या आणि सोफ्यावर बसल्या. छातीवर गुलाबी फीत लावलेला एक माणूस आला आणि म्हणाला, "काकू, हे पाहुण्यायसाठी आहे."

"मग मी कोण हाव?" काकूंनी शांतपणे विचारलं.

"तुमी घरच्याच ना."

"घरचे उभे राह्यतात काय मंग? पाणी घेऊन ये. मॅडमले बी."

तो गेला आणि पाणी घेऊन आला. मी लाजून सोफ्याच्या कडेवर बसले होते. काकू मात्र मागे टेकून, पदर नीट करून, वधूवरांकडे पाहत होत्या.

पल्लवी ही त्यांची एकुलती लेक. मी राहायला गेले तेव्हा ती कृषीच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला होती. आईसारखीच उंच, पण चालणं भरभर, बोलणं तोडून टाकणारं. तिला मातीचं वेड होतं. मेडशीच्या वावरातली माती डब्यांतून आणून ती माझ्या खिडकीत ठेवायची, कारण आपल्या घरात माती ठेवलेली काकूंना चालत नसे. अकोल्याला एमएस्सी करायचं तिचं ठरलेलं होतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली, गुण चांगले पडले, प्रवेशही मिळत होता.

तेवढ्यात कारंज्याचं स्थळ आलं. डाळ मिल, मोठा बंगला, दारात दोन गाड्या. मुलाचे वडील नानासाहेब म्हणजे त्या भागातलं वजनदार नाव. कुठल्याही मांडवात गेले तरी लोक उठून जागा देत. मुलगा निखिल एकटाच, वडिलांबरोबर मिल पाहणारा. एका लग्नात त्यांनी पल्लवीला पाहिलं होतं आणि स्वतःहून निरोप धाडला होता.

काकूंनी लेकीवर जो दाब टाकला, तसा मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी आरडाओरडा केला नाही, उपास धरला नाही, शपथा घातल्या नाहीत. काही ना काही निमित्त काढून त्या पल्लवीला एसटीने कारंज्याला नेऊ लागल्या. एकदा चष्म्याचं दुकान, एकदा साडीला फॉल. काम झालं की त्याच रस्त्याने परत, बंगल्यासमोर जरा थांबून. "पाह्य. त्या गच्चीवर तुह्या कुरड्या वाळतीन." पल्लवी हे मला सांगायची तेव्हा तिला हसू यायचं आणि रडूही. दुसरीकडे काकूंनी पल्लवीचा होकार गृहीत धरून अर्ध्या गावाला बातमी सांगून टाकली. आता नाही म्हणायचं तर पल्लवीला अर्ध्या गावासमोर म्हणावं लागणार होतं. आणि काका तिला प्रवेशासाठी अकोल्याला घेऊन जाणार होते, नेमक्या त्याच दिवशी काकूंनी पाहुण्यांना बोलावलं.

त्याच्या आदल्या दुपारी पल्लवी माझ्या खोलीत आली. डोळे लाल. "मॅडम, तुमी बोला तिच्याशी. ती माहं ऐकत नाही, बाबाचं ऐकत नाही. तुमच्या कपाले बशी आहे, तुमचं ऐकन."

मी गेले. काकू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या. मी सरळच विषय काढला. मुलगी हुशार आहे, दोन वर्षं शिकू द्या, स्थळं पुन्हा येतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या श्रीरामपूरले तुमचा ऊस कोण तोडते?"

मला संदर्भ लागेना. "टोळ्या येतात बाहेरून."

"कुठून?"

"बीडकडून येतात. तुमच्या भागातूनही येतात काही."

"हाव, येतात." त्यांनी मेथीची एक जुडी सोडली. "मी आलती. धनजच्या पलीकडे आमची वाडी. दिवाळी झाली का माय-बाप निंगायचे अन् मी त्यायच्या संगं. पाचटाच्या खोपीत राहाचं. तुमच्याच भागात, कोणत्या गावाले ते मले आता सांगता येत नाही."

त्या घरात राहायला येऊन मला चार वर्षं होत आली होती. या बाईच्या तोंडून मी माहेरचं नाव कधी ऐकलं नव्हतं. का, ते आज कळलं.

"मळ्याच्या मालकाचा बंगला होता. आंगनात नळ. मी घागर घेऊन पाण्याले जायची. मालकीण वाईट नव्हती, कधी नाही मनली नाही. तिची पोरगी माह्याच एवढी. ओट्यावर बसून पुस्तक वाचे. एक दिवस तिनं मले विचारलं, तू कितवीत आहेस? चांगल्यानंच विचारलं तिनं. मी घागर उचलली अन् निंगून आली. काय सांगू तिले? उसात हाव मनून?"

पल्लवी दारात उभी होती. केव्हा आली ते आम्हाला कळलं नव्हतं.

"हे तू मले कधीच नाही सांगतलं," ती म्हणाली.

"सांगाची गोष्ट होती काय ते?"

पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "पण आई, ते पोरगी ओट्यावर पुस्तक वाचत होती ना? तू बंगला पाह्यला. मी पुस्तक पाहून राह्यली."

काकूंनी मान वर केली आणि लेकीकडे पाहत म्हणाल्या, "पुस्तक बंगल्यातच होतं, पल्ले."

मी उठून माझ्या खोलीत आले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. गुलाबाचे कप निघाले. मुलामुलीला बोलायला मागच्या अंगणात पाठवलं, तेव्हा निखिलने पल्लवीला पहिलं वाक्य सांगितलं ते असं की, मी बीकॉमला दोनदा नापास झालो, हे घरचे तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो. पल्लवी हसली. तिने सांगितलं, मला पुढे शिकायचं आहे. तो म्हणाला, माझी ना नाही, पण घरात माझं फार चालत नाही. पल्लवीने होकार दिला. नंतर तिने मला सांगितलं, "आईनं मले हरवलं असं समजू नका मॅडम. त्या पोराचं खरं बोलणं मले आवडलं. पण अकोला गेलं ते गेलं. त्याची माफी मी आईले देणार नाही."

लग्न कारंज्याला झालं, थाटात. त्यानंतरची तीन वर्षं काकूंच्या आयुष्यातली सगळ्यात उजळ. गाडी दारात आली की त्या ड्रायव्हरला मुद्दाम हॉर्न वाजवायला लावत. कंडक्टरने तिकीट विचारलं तरी "कारंजा द्या, लेक देली आहे तठी," असं पुरं सांगत. पण एक जुना नियम त्यांनी कडकपणे पाळला. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. नात झाल्यावर ही बंदी सुटते असं लोक म्हणतात, काकूंनी ती सुटू दिली नाही. बंगल्याच्या मऊ गादीवर बसून त्या पिशवीतली स्वतःची बाटली काढायच्या. नानासाहेब एकदा थट्टेने म्हणाले, "विहीणबाई, आमच्या पाण्यात काय दोष आहे?" काकू म्हणाल्या, "पाण्यात नाही नानासाहेब. पेलं का मान खाली होते."

चौथ्या उन्हाळ्यात मिलच्या गोदामाला आग लागली. वायर जळाली म्हणाले. तूर, चणा, बारदाना, पाठोपाठ यंत्रं. सकाळपर्यंत भिंती उरल्या. विमा होता तो पुरणारा नव्हता. महिन्याभरात नानासाहेबांच्या अंगावरून वारं गेलं, उजवा हात आणि पाय लुळा पडला, जीभ जड झाली. गाड्या गेल्या, मग बंगला गेला. पल्लवी, निखिल, त्यांची लहानगी आणि सासूसासरे दोन भाड्याच्या खोल्यांत आले.

मंगरूळपीरला बातमी आली तेव्हा लोक काकूंकडे येऊ लागले. काही खरंच वाईट वाटून, काही काकूंचा चेहरा पाहायला. समोरच्या मंदाबाई दुसऱ्या प्रकारातल्या. मी तेव्हा तिथेच होते. मंदाबाईंनी सुस्कारा टाकला आणि म्हणाल्या, "काय करता निर्मलाबाई. आपण पैसा पाहून देतो, अन् देव पाह्यते."

काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "पैसा पाहूनच देली मंदाबाई. त्यात लपवाचं काय? पैसा जळला. लेक नाही जळाली, जवाई नाही जळाला. च्या घ्या, थंडा होते."

मंदाबाईंनी चहा घेतला आणि लवकर निघाल्या. त्यांची पाठ वळल्यावर काकू आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्यानंतर पल्लवी लहानगीला घेऊन चार दिवस माहेरी आली. गावाला वाटलं, आता राहील ही. काकांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी मागची खोली झाडून घेतली. मी नातीला खेळवत बसले होते आणि मायलेकी समोरासमोर वड्या घालायला मुगाची डाळ भिजत घालत होत्या. काकूंनी विचारलं, "आता काय करायचं मनतं तू?"

पल्लवीने मान वर केली. "मले कायले विचारतं? आतालोक विचारलं का?"

"नाही विचारलं. आता विचारून राह्यली."

पल्लवीला हे अनपेक्षित असावं. तिने पाण्यातून हात काढून पदराला पुसले. "मले अकोल्याले जायचं आहे. ते माहं राह्यलं. निखिल मनतात जा. ते एक लहानशी चक्की टाकणार आहेत भाड्याच्या शेडात. पण पोरीले कोण पाह्यन? सासूबाईले नानाच्या उशापासून हलता येत नाही."

"मी हाव ना."

"तू तठी येऊन राहशीन? त्या दोन खोल्यांत?"

"येईन."

त्या गेल्या. सोमवारी सकाळच्या एसटीने निघायच्या, शनिवारी संध्याकाळी परत. पल्लवी अकोल्याला वसतिगृहात, निखिल शेडात, विहीणबाई नानासाहेबांजवळ आणि काकू नातीपाशी. मेडशीच्या तुरीची पिशवी आता स्वतः उचलून न्यायच्या. वसंतकाका निवृत्त झाले होते, घरी एकटे खिचडी करून खायचे. "बायकोची किंमत माह्या हातच्या खिचडीनं समजली," ते मला म्हणाले.

एका शनिवारी त्या बसमधून उतरून घामाघूम आल्या तेव्हा मी विचारलं, "काकू, पाण्याची बाटली दिसत नाही हल्ली."

"ठेवली घरी," त्या म्हणाल्या. "पहिले ते लेकीचं घर होतं. आता माहं कामाचं ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणचं पाणी प्या लागते मॅडम. उसात बी पेतच होतो."

ऊस हा शब्द त्यांनी त्या दुपारनंतर पहिल्यांदाच उच्चारला होता, आणि तोही रस्त्यावर, चारचौघांत.

याचा अर्थ त्या बदलल्या असा मात्र नाही. कारंज्याच्या त्या बोळात पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं होतं की इथे 'मिलवाले' राहतात. दोन खोल्यांना त्यांनी पडदे लावले, दाराबाहेरची मोरी घासून घेतली, आणि शेजारणीने नानासाहेबांना 'आजोबा' म्हटलं तेव्हा तिला "नानासाहेब मना" असं सांगितलं. विहीणबाईंना हे ओझं वाटायचं. त्या एकदा पल्लवीला म्हणाल्या, "तुही आई आमाले गरीबसुद्धा नीट होऊ देत नाही." पल्लवीने मला फोनवर हे सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो.

त्याच वर्षी मंगरूळपीरला काकूंच्या पुतण्याचं लग्न होतं. इकडे लग्नात पाहुण्यांची नावं माईकवर घेऊन टोपी, शेला आणि नारळ देतात. कुणाचं नाव आधी येतं, कुणाचं नंतर, यावरून भाऊ-भाऊ वर्ष वर्ष बोलत नाहीत. नानासाहेब आले होते, निखिलच्या आधाराने. पूर्वी ते आले की मांडव उठायचा. या वेळी काही जणांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ते मागे कूलरच्या बाजूला, शेवटच्या रांगेत बसले.

मी काकूंच्या शेजारी होते. त्या अर्थात पुढेच. माईकवर नावं सुरू झाली. काकूंनी मागे वळून पाहिलं, पदर खोचला आणि उठल्या. माईकवरच्या गुरुजींपाशी गेल्या. मला तिथून ऐकू येत होतं.

"कारंज्याच्या नानासाहेबायचं नाव घ्या."

गुरुजींनी हातातला कागद पाहिला. "काकू, त्यायचं नाव नाही लिहून देलं कोणी."

"आमच्या घरचं आहे ना? वसंतरावायचं?"

"हाव, ते आहे."

"मग त्या ठिकाणी त्यायचं घ्या. अन् नुसतं नाना मनू नका. नानासाहेब मना, कारंजेकर."

गुरुजींनी नाव पुकारलं. मागे नानासाहेबांना आधी कळलंच नाही. निखिलने त्यांना उठवलं. शेवटच्या रांगेतून स्टेजपर्यंत ते फरपटत्या पायाने आले, तोवर सगळ्या मांडवाला थांबावं लागलं. कुणीतरी उठून उभं राहिलं, मग आणखी काही जण. स्टेजवर टोपी झाली, शेला झाला आणि नारळ पुढे आला. मानाचा नारळ उजव्या हाताने घ्यायचा. नानासाहेबांचा उजवा हात नुसता लोंबत होता. त्यांनी डावा पुढे केला, मग लाजून मागे घेतला. त्यांचे डोळे भरून आले.

काकू दोन पायऱ्या चढल्या. त्यांनी व्याह्यांचा तो लुळा हात मनगटाशी धरून वर उचलला, स्वतःचा तळवा त्याच्याखाली लावला आणि म्हणाल्या, "द्या गुरुजी."

विहिणीने व्याह्याच्या हाताला असा भरल्या मांडवात हात लावणं इकडे कुणी पाहिलेलं नव्हतं. काकूंनी नारळ निखिलच्या हाती दिला, नानासाहेबांना पुढच्या सोफ्यावर, स्वतःच्या जागेवर बसवलं, आणि आम्ही दोघी बाजूला उभ्या राहिलो.

त्या दिवशी वसंतकाकांना टोपी मिळाली नाही. घरी येताना काकूंनी त्यांच्याकडे चोरून पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं. घरी तशाही बऱ्याच पडल्या. एकही डोक्यात बसत नाही."

पल्लवीचं एमएस्सी झालं. कारंज्याजवळच्या एका कृषी विद्यालयात तिला नोकरी लागली. निखिलची चक्की चालते, मोठी नाही, पण चालते. नानासाहेब त्या लग्नानंतर दीड वर्षाने गेले. बंगला पुन्हा कधी आला नाही. पल्लवीला मी एकदा विचारलं होतं, आईचं बरोबर होतं असं वाटतं का? ती म्हणाली, "नाही मॅडम. माह्या प्रवेशाच्या दिवशी पाहुणे बोलावले ते चूकच होतं, अन् मी तिच्या तोंडावर तसं मनते. ती बी नाही मनत नाही. पण माह्यासाठी जेवढं तिनं सोडलं तेवढं दुसऱ्या कोणी सोडलं नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मी काय करू?"

माझी बदली अमरावतीला झाली. निघताना काकूंनी सामान स्वतः मोजून टेम्पोत चढवलं आणि माझी फाटकी चटई बाहेर दिसू नये म्हणून आतल्या बाजूला सरकवली.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. वाशिमला काही काम होतं, ते आटोपून अमरावतीच्या बसने परतत होते. दुपारची वेळ. कारंज्यात शिरताना समोर ट्रॅक्टर अडकला आणि बस थांबली. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला एक शाळकरी मुलगी, गणवेशात, दप्तर पाठीवर, मातीत फतकल मारून बसली होती. रुसलेली, पाय आपटणारी, जागची हलायला तयार नसलेली. आणि तिच्या शेजारी, तशाच मातीत, कडक खळीच्या साडीत, पाय लांब करून निर्मलाकाकू बसल्या होत्या.

जाणारे-येणारे वळून पाहत होते. एक मोटारसायकलवाला थांबला, काही तरी विचारून गेला. काकूंनी त्याच्याकडे लक्षही दिलं नाही. त्या नातीला उठ म्हणत नव्हत्या, ओढत नव्हत्या. नात काही तरी तावातावाने सांगत होती आणि त्या मान हलवत नीट ऐकत होत्या. मग नातीने त्यांना काही तरी विचारलं. काकूंनी जरा विचार केला आणि उत्तर दिलं. बराच वेळ बोलत राहिल्या. मला ऐकू येत नव्हतं.

मी खिडकीची काच सरकवली. हाक मारणार होते, तेवढ्यात ट्रॅक्टर बाजूला झाला आणि बस निघाली. वळणावर दिसल्या तेव्हाही त्या दोघी तशाच बसलेल्या होत्या.